सातशे बासष्ट फेरे

धाकट्याने सायकलच्या तारेला लाल चिंधी बांधली
आणि चिंधी खाली आली की एक, असं मोजत
आमच्या दारातून निघाला.
सातशे बासष्टाव्या फेऱ्याला चाक थांबलं
ते कालव्याच्या पुलाशी,
जिथे कुणीतरी ‘येथे बिब्बे मिळतील’ अशी पाटी टांगून
विसरून गेलंय.
तेव्हापासून आमच्या घरात
सोळाशे मीटर म्हणजे बिब्बे.

वैशाखात उजाडायच्या आधीच तापतं,
म्हणून साडेतीनला उठायचं.
पहिल्या महिन्यात कुत्री मागे लागायची,
दुसऱ्या महिन्यात सोबत यायची,
आता जिनिंगच्या फाटकापाशी नुसती मान उचलतात
आणि परत ठेवतात.
माणसांना जास्त दिवस लागले.
“काहून पयतं वं पुने, कोन मांगं लागलं?”
उत्तर द्यायला थांबले असते
तर नऊ मिनिटं झाली असती.

आई पाटीखाली बसते, मोबाइल दोन्ही हातांत धरून,
जसा कुणाचा तान्हा बाळ सांभाळायला दिलाय.
“सात, मंग दोन टिपके, मंग अडतीस.
त्याच्या मांगचे आकडे लयच पयतात,
ते म्या सोडले.”

भरतीत सात एकवीस आले होते.
आता पत्रही आलंय, तरी धावते,
कारण तिथे पाठीवर वजन असतं म्हणतात.
धाकट्याच्या जुन्या दप्तरात आठ किलो सरकी.
सरकी हलकी वाटली त्या दिवशी
आईने वरून वरवंटा ठेवला
आणि त्या दिवशी चटणी झाली नाही.

संध्याकाळी अंगणात कवायत.
धाकटा ‘सावधान’ ओरडला
की खुंटीची बकरी उठून उभी राहते.
मी टाच जुळवते.
बूट नवे आहेत, ते पाणी मारून मारून पायाचे करायचेत.
उजव्या टाचेचा फोड फुटला, त्याखाली दुसरा आलाय.

पत्रात लिहिलेलं सगळं आर्वीच्या बाजारात मिळालं.
काळी पेटी, दोन कुलपं, केसांची जाळी, शिलाईचा डबा.
‘जवळचा नातेवाईक’ या रकान्याशी मी अडले.
बाबा पेटीच्या कडीला तेल सोडत होते.
वर न बघता म्हणाले, “तुह्या मायचं लिही. वेळ तेच धरते.”

नावाचं तर विचारूच नका.
घरात पुनी, हजेरीत पौर्णिमा,
आधारवर कुणीतरी पोर्निमा करून टाकलं,
आणि सैन्याला तेच ठाऊक आहे.
सुखराम पेंटर पेटीवर लिहायला बसला.
आजवर पोरींची नावं त्याने लग्नघरच्या भिंतीवरच लिहिली,
त्यामुळे ब्रश सवयीनं चालला: ‘चि. सौ.’
मग तोच थांबला.
रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढलं,
खाली मोठ्या अक्षरांत पोर्निमा टेकाम, पांढऱ्या रंगात.
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.
पुसलेली ‘चि’ उन्हात पेटी धरली की
अजून दिसते.

शेवटच्या रात्री आईने विचारलं,
“तिथं रातच्यानं लाइट सुरू ठेवतात का वं?”
मला माहीत नव्हतं.
“बंद करत असन,” ती स्वतःच म्हणाली,
“बिल येते.”

बसच्या दिवशी धावायचं नव्हतं.
साडेतीनला सवयीनं डोळे उघडले
तर तिची वाकळ रिकामी.
बऱ्याच वेळाने आली,
लुगड्याचा काठ धुळीने लाल,
चपला हातात, मोबाइल ब्लाउजात.
तिने तो काढून माझ्यापुढे धरला.

“एकोणीस, दोन टिपके, चार.”

मी वही उघडली.
माझ्या आकड्यांच्या खाली एक ओळ शिल्लक होती,
तिथे लिहिलं,
आणि मागचे दोन आकडेही.