चारशे ब्याऐंशी दाणे

ग्रेन म्हणजे दाणा, सिग्ने.
आकड्यावर जाऊ नकोस, आधी दाणा बघ.
जुन्या लोकांनी जवाच्या दाण्यावर वजनं बांधली
आणि आपण इथे, विस्कॉन्सिनच्या या खोऱ्यात,
अजून बाण त्याच मापाने तोलतो.
हा घे कोठीतला जव. मूठभर.
साधारण एवढाच असतो एक बाण.

ती चौदाची. मुठीकडे बघते, मग माझ्याकडे,
मग खोक्यावर छापलेल्या वेगाकडे:
सेकंदाला चारशे वीस फूट.
लाल, तिरका आकडा, कागदावरच पळत सुटलेला.
"मला हा हवा, एल्डन काका."

मीही हाच घेतला होता.
बत्तीस वर्षं गाई पिळून उजवा खांदा निकामी झाला,
जुनं धनुष्य खुंटीला गेलं, क्रॉसबो हातात आला.
लोक हसले. हसू देत.
तीनशे सत्तरचा बाण,
कंपनी म्हणते याहून खाली नको,
मी नेमका त्या रेघेवर.
दोर सुटला तो थोबाडीत मारल्यासारखा वाजला.

हरणाचे कान त्याच्या पायांच्या आधी पळतात.
उडी घ्यायला ते आधी दबतं,
जास्त नाही,
वीतभर.
बाण फऱ्याच्या हाडावर बसला,
चार बोटं शिरला आणि तिथेच अडला.

रात्रभर बॅटरी घेऊन फिरलो.
आधी थेंब. मग अर्धा थेंब.
मग नुसती पानं, लाल,
पण ती ऑक्टोबरची.
मार्चमध्ये बर्फ उतरलं तेव्हा ओढ्याकाठी सापडलं,
कोल्ह्यांनी ठेवलं होतं तेवढं.
माझी काडी बरगड्यांपाशी मोडून पडलेली.
ती मात्र मी काट्यावर ठेवली नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं का?
अर्धं सांगितलं.
उरलेल्या अर्ध्याच्या जागी पितळेच्या नळ्या काढल्या:
पन्नासची, पंचाहत्तरची, शंभरची,
बाणाच्या तोंडाशी, पात्याच्या मागे बसतात.
जड बाण हळू जातो, लवकर झुकतो,
तीस यार्डांपुढे त्याच्या भरवशावर राहू नये.
पण दोराची ताकद तो पोटात घेतो,
आवाजाच्या वाट्याला थोडीच येते.
आणि लागला की थांबायचं विसरतो.

जीभ दातांत धरून ती जोडत बसली.
दारू तोलायचा माझा जुना काटा,
त्यावर पाती, पिसं, पितळ, पुन्हा पिसं.
कुत्र्याला बाहेर काढलं, त्याच्या शेपटीने आकडा हलतो म्हणून.
माझा बाण पाचशे दहाचा.
तिने तो उचलला, तोलला, परत ठेवला.
तिचा चारशे ब्याऐंशीवर स्थिरावला.
का, ते मी विचारलं नाही.
सायलोमागच्या गवताच्या भाऱ्यावर
तीन संध्याकाळी मारून पाहिला.
"तिसाला खाली लोळतो," म्हणाली.
लोळू दे. किती लोळतो तेवढं ध्यानात ठेव.

शनिवारी, ओकखाली, तेवीस यार्डांवर
एक मादी बोंडं खात होती.
मी शेजारच्या झाडाशी, नुसता कान होऊन बसलेला.
जाड पुस्तक मिटावं तसा आवाज आला.
मादीने मान वर केली, जणू कुणी नाव घेतलं.
पळाली, तीसेक पावलं,
आणि बसली.
पुन्हा उठली नाही.
बाण पलीकडे चिखलात, पिसांपर्यंत.

घरी येईस्तोवर ती बोलली नाही.
पोट साफ करताना सुरी एकदाच थरथरली, बस.
रात्री हात धुवायच्याही आधी
तिने बाण आणून काट्यावर ठेवला.
चारशे एक्याण्णव.

"चिखल," मी म्हटलं.

"सगळा नाही," ती म्हणाली,
आणि वहीत दोन्ही आकडे लिहिले,
एकाखाली एक,
वजाबाकी न करता.