चौऱ्याण्णव

प्लॅन तीनशेचा घेतला.
पावती आली मोबाइलवर, हिरव्या खुणेसकट.
तरी वेग मोजायला बसले की आकडा चढतो, चढतो
आणि चौऱ्याण्णववर बसकण मारतो,
घाटीच्या मध्यावर म्हशीनं मारावी तशी.
कितीही हाकला, उठत नाही.

पावसहून इक्बाल होडेकर आला,
खांद्यावर केबलचं वेटोळं, खिशात पेचकस.
राउटर उताणा करून, चष्मा कपाळावर ढकलून
त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली.
"वहिनी, ह्याचे पोर्टच शंभराचे.
मागून तीनशे सोडा नाहीतर हजार,
हा शंभराच्या वर घेणार नाही.
सहा वर्षं इमानानं चालला, त्याला बोल लावू नका."

मला माहेरच्या खाजणातली उघाडी आठवली.
आत शेतात कमरेएवढं पाणी,
बाहेर ओहोटीनं अख्खी खाडी रिकामी पडलेली,
आणि मधे दोन फळ्यांची फट.
तेवढंच पाणी जायचं.
बाबा बांधावर विडी ओढत उभे. घाई नव्हती त्यांना,
घाई असून उपयोगही नव्हता.

दुकानात आठ अँटेनांचा एक होता,
उलटी पडलेली कुर्ली जशी. अकरा हजार.
इक्बाल म्हणाला, "पाय मोजू नका, मागची बंदरं बघा."
पोर्टला बंदर म्हणणारा तो पहिलाच.
आमच्या पूर्णगडला बंदर आहेच की,
आणि गाळानं काय होतं ते कुणी शिकवायला नको.

मग त्यानं विचारलं, घरात उपकरणं किती?
माझा फोन. स्वरालीचा लॅपटॉप.
टीव्ही. भाऊजींचा कॅमेरा, होडीच्या इंजिनावर रोखलेला.
आणि रविवारी अवधूत, जहाजावरून.
"तो उपकरणात धरायचा काय?" असं मी विचारलं,
तर इक्बाल गंभीरपणे म्हणाला, "धरायचाच.
सगळ्यात जास्त तोच खेचणार."

घर चिऱ्याचं. टँकरच्या पगारावर बांधलेलं,
भिंती हौसेनं दीड फुटी ठेवल्या, गारवा राहावा म्हणून.
आता कळलं, पाच गिगाहर्ट्झवाला पळतो जोरात
पण दुसऱ्या चिऱ्याशी दमतो;
टू-पॉइंट-फोरवाला रमतगमत
पार विहिरीपर्यंत जाऊन येतो.
दोन्ही असलेला घेतला. चार हजार दोनशे.
टीव्हीच्या कपाटातून काढून माजघरात टांगला,
फ्रिजपासून लांब, देव्हाऱ्याच्या जरा वर
(स्वराली म्हणाली, आता ह्यालाही उदबत्ती का?).
जाता जाता इक्बालनं बजावलं,
खारी हवा आहे, भोकं कोरडी ठेवा,
पितळेसारखी हिरवी पडतात.

दोनशे ब्याऐंशी.
स्वयंपाकघरात दोनशे अकरा.
न्हाणीच्या दाराशीसुद्धा साठ.
मी फोन हातात धरून घरभर फिरले,
नव्या सुनेला घर दाखवावं तशी.

रविवारी अवधूतचा फोन आला.
मॉरिशसच्या पुढे कुठेतरी.
अडीच मिनिटं झाली आणि तोंड उघडं असताना
तो थांबला. कॉलरवर तेलाचा डाग,
कानाजवळचा एक केस पांढरा,
मागच्या खेपेला नव्हता.
सहा वर्षं ह्यावरूनच वाद:
तुझ्याकडून की माझ्याकडून?
आता उत्तर माझ्या भिंतीवर लुकलुकत होतं.
बावीस माणसं, एक तबकडी,
आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला मोजून मेगाबाइट.

तो परत हलला. म्हणाला, "काय गं, अडकलं?
माझ्याकडूनच असणार. त्यात हे आम्हाला…"
"नाही रे," मी म्हटलं,
"इथलंच असेल. भिंती जाड आहेत ना."

"मग आणखी एक बसवून घे," तो म्हणाला, "पैशाचं बघू नको."

हो म्हटलं.