सोड

तीन मीटरच्या फळीवरून सुटल्यावर
माझ्याकडे काहीच नसतं, सर.
गुडघे छातीशी, नडग्या हातांत,
आणि छप्पर, पाणी, छप्पर, पाणी,
अडीच फेऱ्यांत कुठलं आधी ते कळत नाही.
तेव्हा काठावरून तुमचा एक शब्द येतो: सोड.
मी सोडते.
तेवढ्यात बोटांना पाणी लागतं,
बालेवाडीच्या सकाळी इतकं गार की दात वाजतात.

फेब्रुवारीत तो शब्द उशिरा आला.
पाव सेकंद. कदाचित त्याहून कमी.
पाठ आपटली तेव्हा आवाज झाला, ढम,
आणि ज्युनिअरची पोरं तुमच्या आडनावावर हसली,
"ढमढेरे सरांची सही!"
संध्याकाळपर्यंत पाठ जांभळं चोळल्यासारखी.
हडपसरहून बाबा आले,
स्कूटर स्टँडवर न लावताच विचारलं, चुकलं कुणाचं?
मला वाटलं, आता म्हणाल, पोरीचं लक्ष नव्हतं.
तुम्ही म्हणालात, माझं.
आणि वहीत तारखेपुढे तसं लिहिलंत,
शाईच्या पेनाने.

तरीही, खरं सांगते,
पुढचे तीन आठवडे मी तुमचं ऐकलं नाही.
मनातल्या मनात मोजायचे, आधीच उघडायचे.
तुमचा 'सोड' माझ्या मागून
रिकाम्या हवेत पडायचा.
तुम्हाला कळत होतं.
रोज तेवढ्याच जोरात ओरडायचात.

मग त्या गुरुवारी, बाकीचे चहाला गेल्यावर,
शिट्टी माझ्या गळ्यात घातलीत,
चष्मा, घड्याळ हातात दिलंत,
आणि चोपन्न वर्षांचं पोट सावरत
एक मीटरच्या फळीवर चढलात.
डोळे मिटतो, म्हणालात. तू सांग.

केवढा जड असतो तो शब्द, सर!
जिभेवर बसून राहतो,
आणि समोर एक आख्खा माणूस गोल फिरत असतो.
मी घाबरून लवकर म्हटलं.
तुम्ही सोडलंत. लगेच.
ढम.

वर आलात ते नाकातलं पाणी शिंकरत,
पाठ लालबुंद,
आणि पहिलं काय म्हणालात तर, "वही आण."
तुमच्या ओळीखाली आता एक ओळ माझ्या अक्षरात आहे.
थेंब पडून शाई फुटलीय,
पण 'माझी चूक' एवढं वाचता येतं.

आज परत तीन मीटर.
मोजायचं नाही असं ठरवलंय.
ठरवून होतं का ते, ठाऊक नाही.
फळी पायाखाली हलतेय,
तुम्ही काठावर चष्मा पुसताय.
घाई नाही, सर.
नीट पुसा.