भेंडीची नांगी

घेवरचंद सेठनं शेवेत कमावलेलं सिनेमात घातलं,
साल एक्क्याऐंशी.
लोक शेव खातात, म्हणाला, हसतीलही.
ह्यांचं तेव्हा नाव होतं
रामबागेच्या गणपतीत, बँकेच्या गॅदरिंगात, पार महूपर्यंत.
नाटक नाही, पेटी-तबला नाही,
नुसता उभा माणूस, पुढ्यात माईक,
आणि दर तिसऱ्या वाक्याला ‘आमची ही’.

आमची ही म्हणजे मी.

सिनेमाचं नाव ‘धोतरात विंचू’.
गोष्ट अशी नव्हतीच काही.
एक नकलाकार, त्याची जाडी बायको,
एक लबाड महाराज, आणि विंचू,
रबराचा, राजवाड्यापुढच्या हातगाडीवरून आणलेला.
त्याची नांगी पहिल्याच दिवशी तुटली.
पडद्यावर दिसते ती भेंडी आहे.
आमच्याच टोपलीतली. संध्याकाळी भाजी कमी पडली.

माझं काम करायला नागपूरहून बाई आल्या.
त्याही काडीच. मग पोटाला उशी बांधली.
उशीही आमचीच.
ती द्यायला गेले तर सेठ मला न्याहाळून म्हणतो,
‘भाभीजी, वो नहीं आईं? मोटी वाली?’
बेचाळीस किलोची होते मी.

मिलजवळच्या टॉकीजात बारा दिवस चालला.
दुसऱ्या दिवशी मी वहिनींबरोबर गेले.
बिड्यांचा धूर, खुर्चीत ढेकूण,
पुढे पाळी सुटून आलेली माणसं, अंगावर अजून कापूस.
मध्यंतरानंतर तो प्रसंग आला.
रात्रीचे दोन, नकलाकार कार्यक्रम करून परततो,
दार वाजवतो.
‘कोण?’
‘मी.’
‘मी तर आत आहे. तुम्ही कोण?’

टॉकीज फुटलं.
कुणीतरी चिल्लर फेकली, कुणी ओरडलं, ‘वा भिया!’
वहिनींनी पदर तोंडात कोंबला.
मी हसले नाही.
वाक्य माझं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात, कडी न काढता,
खरोखरच्या रागानं बोलले होते.
बाहेर इतका वेळ गप्प, की मला वाटलं, गेले.
मग फटीतून आवाज आला:
‘अगं, एक कागद दे. आणि पेन्सिल.’

सिनेमात त्याच्यापुढे लाटणं येतं,
धोतर सुटतं, भेंडी डसते.
माझ्या वाक्यात लाटणं नव्हतं.
नाव आहे माझं, नाही असं नाही.
शेवटी आभारात, मंडपवाला आणि बर्फवाला यांच्या मधे:
सौ. किरकिरे. (उशी कशाबद्दल ते लिहिलेलं नाही.)

सेठ गेला. रिळं गोदामात उंदरांनी खाल्ली, असं ऐकत होतो.
परवा नातवानं फोनवर काढून दाखवला,
रंग विटलेला, शेवटची वीस मिनिटं गायब.
म्हणजे आभारही गेले.

ह्यांची उजवी बाजू दोन वर्षं झोपून आहे.
त्या हाताखाली तीच उशी,
दोनदा पिंजून घेतलेली.
अर्ध्या ओठानं हसतात, लाटणं पडल्यावर.
मी म्हणते, अहो, त्याच्या आधी हसायचं असतं.

आज सकाळी न्हाणीघराचं दार लोटलेलं.
बराच वेळ तांब्याचा आवाज नाही.
मी टकटक केली.
आतून, घासत, एकेक अक्षर उचलत:
‘को… ण?’
‘मी.’

मग काहीच नाही.
खालून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली,
थांबली, गेली.

‘मी… त…’

हातात टॉवेल. गुडघा ठणकतोय.
गॅसवर दूध आहे, करपल्याचा वास इथवर येतोय.
जाऊ दे.
वाक्याच्या मधे उठायचं नसतं.