नऊ पूर्णांक नऊ

आधी ढग बघायचे. आकाशात नाही, पडद्यावर:
तासातासाचे चौकोन, निळे म्हणजे मोकळं,
पांढरे म्हणजे लेइदाबरोबर बातम्या.
सारेमा बेटावर ऑक्टोबरात पांढरेच फार.
त्या मंगळवारी नऊ ते बारा
तीन चौकोन निळे निघाले.
मी टॉर्चवर तिचा लाल लोकरी मोजा चढवला
आणि जुनिपरच्या झुडपांमागे दुर्बीण मांडली.

चाळीस वर्षं मी फेरीबोटीवर दोर फेकले.
धक्का जवळ आला की अंतर डोळ्यानंच जोखायचं,
फूटपट्टी घेऊन कोण उभं राहतं तिथे.
हे कामही तसलंच: दोन ओळखीच्या ताऱ्यांमध्ये
तिसरा कुठे बसतो ते सांगायचं.
नकाशा फुकट मिळतो, ताऱ्याचं नाव टंकलं की.
त्यावर १०४ असेल तर दहा पूर्णांक चार वाचायचं.
टिंब देत नाहीत. दिलं
तर अंधारात कुणीतरी त्यालाच तारा समजेल.
आणि आकडा वाढला की उजेड कमी,
पगाराची चिठ्ठी वाचत आलेल्या माणसाला
हे पचायला वेळ लागतो.

माझा तारा हंसाच्या पंखाखाली.
माझा कसला, बहुतेक रात्री दिसतही नाही.
अकरा वर्षं मी लिहीत आलोय:
"बारा पूर्णांक चारपेक्षा अंधुक."
न दिसणंही तिथे जमा करून घेतात, वेळेसकट,
आणि तारीख दुपारी बाराला बदलतात,
एका रात्रीचे दोन तुकडे नकोत म्हणून.
हे ज्यानं ठरवलं तो जागणाऱ्यांपैकी असणार.

तर त्या मंगळवारी तो होता.
१०४ पेक्षा ठळक, ९६ पेक्षा जरासा मंद.
मी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला.
शेजारच्या सौनाचा धूर सरळ वर चालला होता.
लेइदा सूप गार होतंय सांगायला आली,
वाकली, म्हणाली, "कुठला? तो ठसठशीत?"
आणि हात काखेत घालून आत गेली.

दुसऱ्यांचे आकडे आधी बघायचे नाहीत, असा नियम.
मी ९.९ भरलं, बटण दाबलं, मग आलेख उघडला.
जगभरचे ठिपके खाली, तेराच्या आसपास,
चिखलात बसलेल्या बदकांसारखे,
आणि वर
माझा एक.

त्या रात्री हंगेरीत धुकं होतं. स्पेनमध्ये पाऊस.
पुढची नोंद सहा दिवसांनी, होक्काइदोहून: १२.९.
सेगेडच्या इल्दिकोबाईंचं नम्र पत्र आलं.
तारा चुकला नाही ना? शेजारी एक फसवा आहे.
शंका असेल तर आकड्यापुढे एकावर एक दोन टिंबं द्या,
कुणी वाईट मानणार नाही.

बाई बरोबर बोलतात.
कुरेसारेच्या डॉक्टरनं जानेवारीतच
उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात सांगितली,
ते मी त्यांना कळवून टाकलं.
लेइदाचं वाक्यही कळवलं असतं,
पण तिला निरीक्षक-क्रमांक नाही.
"घे की एक," मी म्हटलं, "फॉर्म दोन मिनिटांचा."
"मी आकडा कुठे सांगितला होता?" ती बटाटे सोलत म्हणाली.
"ठसठशीत म्हणाले. तेवढंच."

दोन टिंबं अजून दिलेली नाहीत.
आज चौकोन सगळे पांढरे, एक सोडून,
पहाटे चार ते पाच, तोही फिकट.
हंस तेव्हा उत्तरेला समुद्राशी टेकलेला असेल,
एक पंख तर पाण्यातच.
गजर लावलाय.
मोजा चुलीजवळ वाळत घातलाय.