लाल रेघ, निळी रेघ

काबिमासच्या धक्क्यावरून लाँच सुटली की
नेरिओ कागदी चकत्यांची चळत मांडीखाली दाबून बसायचा.
सरोवरावरचा वारा चोर आहे, म्हणायचा.
सव्वीस विहिरी. प्रत्येकीची एक चकती,
चकतीवर दोन रेघा, गोल गोल फिरलेल्या:
लाल म्हणजे बाहेरच्या नळीत कोंडलेला गॅस,
निळी म्हणजे आतल्या नळीचं तोंड.
आठवडाभराचं बोलणं
ताटलीएवढ्या कागदावर.

माझा तिसरा दिवस. मी विचारलं, पंप कुठाय?
तो हसला, खोकला, पुन्हा हसला.
खाली काही फिरत नाही, दायलेक्सिस.
काही ओढतसुद्धा नाही.

माझा बाप होता तेव्हा ही एकशे बारा नंबर
आपणहून वाहायची.
झडप उघडायची नि बाजूला सरायचं, कपडे वाचवत.
आता खडकात जीव आहे, पण अर्ध्या वाटेपुरता.
तेल चढतं, चढतं, आणि मधेच बसतं
भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात बसलेल्या माणसासारखं.
त्याला काखेत हात घालून उठवू नये.
पिशव्या घ्याव्यात.

बर्नाल न्हाव्याकडची काचपेटी पाहिलीस ना, माशांची?
तळाशी बारीक नळी, तिच्यातून बुडबुडे,
आणि बुडबुड्यांच्या नादी लागून पाणीही वर.
तेच इथे, सहा हजार फूट.
दोन नळ्यांमधल्या फटीतून गॅस उतरतो,
वरच्या झडपेतून आत घुसतो,
तिथपर्यंतचं ओझं हलकं करतो.
मग ती मिटते, खालची म्हणते आता मी,
मग तीही मिटते,
असं करत तळाजवळची एकटी उघडी राहते.

मिटायचं केव्हा, हे त्यांना कोण सांगतं?
पोटात कोंडलेला नायट्रोजन. मूठभर.
आमच्या ऑफिसात एवढं कळणारं कुणी नाही.

एकशे बाराला पोचलो तर
निळी रेघ फुगलेली, केसाळ, सुरवंटासारखी.
तेल मात्र गेल्या महिन्याहून कमी.
हुकूम होता: तेल घटलं, गॅस वाढवा.
दोनदा वाढवून झाला होता.
नेरिओने नळीला कान लावला, मग मला लावायला लावला.
मला नुसतं सुसाट ऐकू आलं.
तेच, म्हणाला.
गॅस एकटाच पळतोय मधून,
तेल भिंतीला चिकटून त्याची पाठ बघतंय.

त्याने चोक पाव फेरा बंद केला.
हात थरथरत होते,
पाव फेरा मात्र पाव फेराच.

मग नुसतं बसणं.
थर्मासमधली कॉफी, गार अरेपा, आत किसलेलं चीज.
गंजलेल्या कठड्यावर एक पाणकावळा पंख वाळत घालून.
मी विचारलं, वर आलेला गॅस जातो कुठे?
तेलापासून वेगळा काढतात,
त्या पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर दाबून दाबून
परत इथेच पाठवतात.
तोच?
तोच. थोडा हरवतो, थोडा नवा मिळतो.
माझा एउडो, चिलीत असतो,
फोनवर म्हणतो, बाबा, तुम्ही रोज त्याच गॅसला भेटता,
मला मात्र दोन वर्षं नाही.
एवढं बोलून त्याने कप झटकला.

हा त्याचा शेवटचा महिना,
हे मला लाँचवाल्याने सांगितलं होतं. त्याने नाही.

दक्षिणेला विजा सुरू झाल्या,
बिनआवाजाच्या, तिकडे रोजच्याच.
नवी चकती मी बसवली.
तारीख चुकले, खोडली, अंगठा निळा झाला.
दोन्ही पेनं कागदाला टेकली.
मी वाकून बघत राहिले:
रेघ अजून नखाएवढीही नव्हती.

पुढच्या आठवड्यात कळेल, म्हणाला,
आणि थर्मासचं झाकण शोधू लागला.