कणसाचं पान

अंगठा थुंकीने ओला करून
मी पान घासते.
किड्याची घाण असली तर निघते,
धूळ असली तर निघते.
हे निघत नाही.
डांबराचा शिंतोडा उडावा तसं
काळं, किंचित फुगीर,
कणसाच्या खाली दोन पानं सोडून एक,
पुढच्या झाडावर तीन,
मग वीस झाडं काहीच नाही.

शनिवार. आयोवाचा वायव्य कोपरा.
ऑगस्टात मक्याच्या आत वारा शिरत नाही,
पानांच्या कडा दंडावर बारीक रेघा ओढतात
आणि दहा वाजले तरी दव उतरत नाही.

ग्लेन फान रोकेल ट्रकला टेकून उभा.
मला एकरामागे पैसे मिळतात, कॅनमागे नाही,
म्हणून तो माझं ऐकतो,
किंवा ऐकल्यासारखं करतो.
मी कणीस सोलते, दाण्यात नख रुतवते.
दूध.
पातळ, मनगटापर्यंत ओघळणारं.
"म्हणजे अजून वेळ आहे."
आहे, आणि फारसा नाही.
एकदा दाण्याला खळी पडली
की फवारणी म्हणजे वरातीमागून घोडं.

बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर हिशेब:
औषध आणि विमान मिळून एकरी छत्तीस डॉलर,
मक्याचा भाव चारच्या जरा खाली.
नऊ बुशेल वाचले तर फिटंफाट,
त्यावर जे येईल ते आपलं.
वाचतील?
रात्री गार राहिल्या तर.
पानं ओली राहिली तर.
ठिपका वर चढला तर.
माझ्याकडे 'तर'चं पीक नेहमीच उत्तम येतं.

सोसायटीच्या दुकानातला लोवेल काल येऊन गेला.
"विमान उडतंच आहे, तर हेही घाला सोबत,
बोरॉन, मँगनीज, थोडं नत्र.
एकरी फक्त सात."
त्या 'फक्त'ला मी सहाशे एकरांनी गुणलं:
फक्त चार हजार दोनशे.
पानांचा तपासणी अहवाल म्हणतो, सगळं पुरेसं आहे.
भरल्या पोटी घास कशाला?
पण ग्लेन बाटलीकडे बघत नव्हताच.
शेजाऱ्याच्या मक्यावर पिवळं विमान वळलं
की रिकाम्या हातांना खाज सुटते,
तिच्यावर सात डॉलर स्वस्तच वाटतात.

मग वैमानिकाचा फोन.
उद्या सकाळी वारा पडेल.
उद्या, नाहीतर थेट गुरुवारी.

उद्या रविवार.
इथे रविवारी यंत्र सुरू होत नाही.
कापलेलं गवत भिजून काळं पडलं
तरी ग्लेनच्या बापाने केलं नाही.
"तुम्ही कुठे उडवताय? तो उडवेल,
तुम्ही चर्चमध्ये असाल."
तो हसला.
"आणि देवाला विमान ऐकू येणार नाही."

रविवारी मीही तिथेच, दोन बाकं मागे.
उपदेश सुरू होताच विल्मिनाने
पर्समधून पेपरमिंटच्या गोळ्या काढून
रांगेत पुढे सरकवल्या.
खिडकीबाहेर पान हलत नव्हतं.
डोळे मिटून मी
पानं किती तास ओली राहिली ते मोजत होते,
देव क्षमा करो.
दुसऱ्या स्तोत्राच्या मध्यावर
मैलभर लांब कुणाचं तरी विमान
खाली आलं, वर गेलं, वळलं.
ग्लेनने मान उचलली नाही.
अंगठा मात्र
दुसऱ्या अंगठ्याच्या नखावर
काहीतरी घासत राहिला.

चार दिवसांत ठिपका एक पान वर चढला होता.
एकच. कणसाच्या पानाला अजून शिवला नव्हता.
गुरुवारी औषध, टॉनिक नाही.
आणि पूर्वेकडचा एक पट्टा कोरडा.
"तो कशाला?"
"ऑक्टोबरमध्ये विचारायला."
"काय?"
"आपण काय केलं ते."

त्याला ते पटलं नाही.
पण काठीला केशरी फीत त्यानेच बांधली,
दोनदा, गाठ ओढून बघत.
विमान आलं, तारांखालून जवळजवळ,
पांढरा पदर मागे सोडत.
पट्ट्यावर आल्यावर नळ्या बंद झाल्या,
आणि दोन सेकंद
मक्यावर नुसता आवाज पडला.